गर्दीत प्रत्येकाची जागा

फोटोग्राफीतला सगळ्यांत प्रसिद्ध नियम मांडला गेला, तेव्हा फोटो नावाची चीज जगात नव्हती. लंडनमध्ये जॉन थॉमस स्मिथ नावाचा एक माणूस होता; धातूच्या पत्र्यावर चित्रं कोरून त्यांचे ठसे काढणं हा त्याचा धंदा. १७९७ साली त्यानं इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली दृश्यं कशी चितारावीत यावर एक पुस्तक काढलं आणि त्यात 'रूल ऑफ थर्ड्स' असं नाव देऊन एक तोडगा सांगितला. निसर्गचित्राचे बरोबर दोन सारखे तुकडे करू नका. आभाळाला दोन वाटे द्या नि जमिनीला एक, नाहीतर उलट करा. डोळ्याला बरं वाटतं. फ्रान्समधल्या निएप्सनं खिडकीतून दिसणारी छपरं पत्र्यावर उमटवली, म्हणजे आज टिकून असलेला सगळ्यांत जुना फोटो काढला, तो यानंतर तीसएक वर्षांनी. आज फोनच्या कॅमेऱ्यात 'ग्रिड' चालू केलं की पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात, त्या याच गृहस्थाच्या वंशातल्या.

नियम वाईट नाही. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर, सप्टेंबरात कासच्या पठारावर, उजनीच्या फुगवट्यात भिगवणला रोहित पक्षी उतरलेले असताना तो मुकाट काम करतो. पण गणपतीच्या आदल्या संध्याकाळी तुळशीबागेत उभं राहून स्मिथसाहेबांचं ऐकायचं ठरवलं, तर आभाळाचे दोन वाटे आणायचे कुठून? वर बघावं तर ताडपत्री, विजेच्या तारा, टांगलेली तोरणं. खाली बघावं तर जमीन दिसत नाही, पिशव्या दिसतात.

नवशिक्यांना मिळणाऱ्या बहुतेक सल्ल्यांचा रोख एकच असतो : मोकळं करा. विषय एकच ठेवा, पार्श्वभूमी साधी शोधा, कामाचं नसेल ते चौकटीबाहेर काढा. आमच्या कॅमेरा क्लबात दर महिन्याला स्पर्धेचे फोटो पडद्यावर दाखवतात. परीक्षक बदलतात, शेरा बदलत नाही. 'छान आहे, पण जरा गजबज झालीय.' या शेऱ्याचा मी पुष्कळ विचार केला आहे, कारण मला फोटो काढायचे असतात ते गजबजीचेच. मंडई, एसटी स्टँड, जत्रा, लग्नाचा मांडव, वारी. तिथं गर्दी हा अडथळा नसतो, विषयच तो असतो. वारीतून गर्दी काढून टाकली तर डांबरी रस्ता उरेल. माझं म्हणणं एवढंच आहे की गर्दीलाही मांडणी असते, फक्त ती मोकळं करून सापडत नाही.

वारीचा एक फोटो प्रत्येकानं पाहिलेला असतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. आपण उतारावर आधीच जागा धरून बसायचं. खाली वळणाचा रस्ता, त्यावर माणसांचा पांढरा पट्टा, मधूनमधून भगव्या पताका आणि कुठंतरी फुलांनी सजवलेला रथ. ते नागमोडी वळण नजरेला खालून वर अलगद घेऊन जातं. 'लीडिंग लाइन'चं याहून सोपं उदाहरण शोधून सापडणार नाही. नुकती सर येऊन गेली असेल तर डोंगरही हिरवा मिळतो. मीही तो फोटो काढलाय, चांगला आलाय. पण त्यात हजारो माणसं आहेत आणि चेहरा एकाचाही नाही. उंचावर गेलं की गर्दीची नक्षी होते. प्रश्न सुटत नाही, लांब जातो. आता तर ड्रोन आल्यामुळे तो आणखीच लांब गेलाय.

दुसरी पळवाट हातभर लांबीच्या लेन्सची. रस्त्याकडेच्या ट्रॉलीवर चढायचं आणि दुरून नेम धरायचा. टेलिफोटोनं माणसं एकमेकांना चिकटतात असं म्हणतात, पण तो दोष लेन्सचा नाही, आपण लांब उभे असतो त्याचा आहे. पन्नास मीटरवरून पाहिलं तर पहिल्या ओळीतला माणूस आणि तिसऱ्या ओळीतला माणूस आपल्यापासून जवळपास सारखेच लांब, म्हणून डोकी एकाच मापाची दिसतात आणि त्यांची भिंत होते. दोन मीटरवर जाऊन उभं राहा. पुढचा माणूस मोठा दिसतो, चार मीटरवरचा त्याच्या निम्मा, त्यामागचा आणखी लहान, आणि मधली हवा दिसायला लागते.

म्हणून रस्त्यावर उतरायचं. दिंडीत शिरायला बाईमाणसाला फारशी अडचण येत नाही. 'माउली, जरा पुढं होऊ का' म्हटलं की वाट मिळते. बाहेरून जो लोंढा वाटतो त्याला आतून चांगलाच हिशेब आहे. पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी, आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. रथाच्या पुढच्या-मागच्या दिंड्यांना क्रमांक असतात आणि आपला क्रमांक कोणी सोडत नाही. म्हणजे मांडणीचं निम्मं काम वारकऱ्यांनी आधीच केलेलं असतं. उरलेलं निम्मं पायांनी करायचं.

पंगतीत मांडीला मांडी लागते, तरी प्रत्येकाचं पान वेगळं असतं. गर्दीच्या चौकटीत मी हेच बघते, की ज्याला त्याला आपलं पान मिळालंय ना. पताकेची काठी कुणाच्या टाळूतून उगवलेली नको. मृदंगवाल्याची थाप शेजाऱ्याच्या पाठीआड जायला नको. टाळ धरलेले हात मागच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आले तर विरघळून जातात. तेच हात एखाद्या काळ्या घोंगडीवर किंवा ओल्या डांबरावर आले की ठसठशीत दिसतात. हे सगळं वीतभर सरकण्यावर ठरतं. डावीकडे अर्धं पाऊल. किंचित गुडघे वाकवून. कॅमेरा छातीशी आणला की पुढची रांग मागच्यांना झाकून टाकते, डोक्यावर हातभर उचलला की मागच्या दोन रांगा उलगडतात, आणि त्याहून वर नेला की पुन्हा नुसत्या टोप्या. या तिन्हींमध्ये नेमकी उंची कोणती, याचा कुठलाही नियम नाही. आपल्या आणि समोरच्यांच्या उंचीवर ते अवलंबून असतं, आणि मी बुटकी असल्यामुळे माझा बहुतेक वेळ चवड्यांवर जातो.

यंत्राचा भाग त्यामानानं सोपा. २८ मिलिमीटरची लेन्स, एफ ८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी लहान), फोकस सव्वातीन मीटरच्या आसपास कायमचा लावून ठेवायचा. मग साधारण दीड-पावणेदोन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं आणि ऐनवेळी कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. उजेडाची सोय आषाढ करतो. ढगाळ आभाळाखाली पांढरे सदरे जळत नाहीत, म्हणजे त्यांचे नुसते कोरे पांढरे डाग होत नाहीत, आणि टोपीची सावली डोळ्यांवर पडत नाही. ऊन आलं तर मात्र मी सरळ कॅमेरा बंद करून चालायला लागते.

आणि कान उघडे ठेवायचे. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, पण वारीत फोटोची वेळ डोळ्यांआधी कानांना कळते. पावली सुरू झाली की पुढं किती पावलं, मागं किती, कुठल्या ठेक्याला गुडघे वाकणार आणि कुठल्या ठेक्याला हात वर जाणार, हे ठरलेलं असतं. एक आवर्तन नुसतं ऐकायचं, दुसऱ्यात जागा धरायची, तिसऱ्यात बटण दाबायचं. क्षण निसटला तरी चिंता नाही, तो पुन्हा येतोच. रस्त्यावरच्या फोटोग्राफीत एवढं उदार गिऱ्हाईक दुसरीकडे भेटत नाही.

क्षणाची गोष्ट निघाली की फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ येणारच. पॅरिसच्या एका स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस त्यानं १९३२ साली टिपला, टाच पाण्याला टेकायच्या आत. तरुणपणी तो आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकला होता आणि भूमिती त्याच्या अंगात मुरलेली होती. काढलेला फोटो मागाहून कापायला त्याची सहसा तयारी नसे. उडीचा तो फोटो मात्र त्याला कापावा लागला, कारण कुंपणाच्या फटीतून काढताना कडेला फळी आली होती. १९४७-४८ मध्ये तो भारतात होता. श्रीनगरच्या हरी पर्वताच्या उतारावर उभ्या असलेल्या बायकांचा त्याचा १९४८ चा फोटो बघा : मोजक्या पाठमोऱ्या आकृत्या, प्रत्येक सुटी, पलीकडे दरी, डोंगर आणि ढग. मोकळं करण्याची कला याहून पुढं जाईल असं मला वाटत नाही.

पण माझ्या कामाला जास्त आला तो त्याच्या मागोमाग हिंडलेला एक मुलगा. १९६६ साली कार्तिए-ब्रेसाँ जयपूरला आला, तेव्हा तिथलाच विशीतला रघुबीर सिंग काही दिवस त्याच्याबरोबर फिरला आणि त्याला काम करताना त्यानं पाहिलं. छोटा कॅमेरा, रस्ता, चपळाई हे सगळं त्यानं उचललं; एक गोष्ट मात्र घेतली नाही, ती म्हणजे काळा-पांढरा. भारताकडे रंग वगळून बघता येत नाही यावर तो शेवटपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, ठाम राहिला. आणि त्यानं चौकट मोकळीही केली नाही, उलट ठासून भरली. हावड्याच्या फुटपाथवरच्या आरशांच्या दुकानाचा त्याचा १९९१ चा फोटो आहे. विकायला मांडलेल्या प्रत्येक आरशात रस्त्याचा वेगळा तुकडा शिरलाय, त्यामुळे एका फोटोत कितीतरी फोटो झालेत, आणि तरी गोंधळ नाही, कारण प्रत्येक तुकड्याला आपली चौकट आहे. मुंबईवरही त्यानं असंच काम केलं. त्याचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. नंतर तर त्यानं अँबॅसिडर गाडीलाच कामाला लावलं. दार, खिडकी, पुढची काच, बाजूचा आरसा, यांतून देश दिसतो आणि गाडी आपोआप त्याची वाटणी करून देते.

हा गुण त्याला घरातूनच मिळाला असणार. राजस्थानी लघुचित्रांत चित्रकार कुठल्यातरी गच्चीवरून बघतोय असं वाटतं. मागची माणसं लहान होत नाहीत, वर सरकतात. हत्ती, घोडे, दासी, झाडावरचे पोपट, सगळ्यांना पुरेल एवढी जागा, आणि कोणीही कोणाच्या आड नाही. पाश्चात्त्य चित्रातल्यासारखा सगळ्या रेषा गिळणारा एक बिंदू तिथं नसतो. नजरेला बसायला एक खुर्ची ठेवलेली नसते, तिला हिंडावं लागतं.

पण यासाठी राजस्थानपर्यंत जायचीही गरज नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. झुकलेली मान, खाली वळलेली नजर, हातात कमळ. कॅलेंडरवर, शुभेच्छापत्रावर, पाठ्यपुस्तकाच्या कव्हरवर तो कायम एकटा असतो. प्रत्यक्ष भिंतीसमोर उभं राहिलं की लक्षात येतं, तो एकटा नाहीच. शेजारी सावळी राजस्त्री आहे, सेवक आहेत, जोडपी आहेत, वाद्य वाजवणारे किन्नर आहेत, खडकांत माकडं आणि मोर आहेत. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारानं कोणालाही हाकललं नाही. हाकललं ते आपण, छपाईच्या वेळी.

मग पद्मपाणी त्या गर्दीत हरवत का नाही? मी त्या भिंतीपुढं एवढाच प्रश्न घेऊन उभी राहिले होते (फ्लॅशला तिथं मनाई आहे, ती योग्यच आहे, आणि मंद उजेडात डोळा स्थिरावायला जो वेळ लागतो त्यात हे प्रश्न सुचतात). एक तर तो आकारानं मोठा आहे. दुसरं, भोवतालची अंगं सावळी नि तो उजळ. तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : बाकीच्यांची काही ना काही हालचाल चाललेली आहे, आणि या एकाच्या अंगाला संथ बाक आहे. शांतता दाखवण्यासाठी भोवतालची वर्दळ ठेवावी लागली. ती पुसली असती तर शांतता दिसलीच नसती, नुसती रिकामी भिंत दिसली असती. सतराव्या लेण्यात तर सिंहलाची कथा अख्खी उजवी भिंत व्यापून आहे, जहाजं, राक्षसिणी, हत्तींवरून निघालेलं सैन्य, आणि प्रसंगांमध्ये रेघा मारलेल्या नाहीत. एका प्रसंगातून दुसऱ्यात कधी शिरलो हे चालता चालता कळतं.

वर्दळ आणि स्थिरता यांचं हेच गणित छायाचित्रकार रघू राय यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्टेशनावर मांडलं, फक्त त्यांनी ते वेळेच्या मदतीनं मांडलं. शटर बराच वेळ उघडं. लोकलमधून उतरलेली माणसं चालती असल्यामुळे त्यांचा धूसर प्रवाह झालाय, आणि त्यात पेपर वाचत असलेली काही माणसं तेवढी स्पष्ट उमटली आहेत. मुंबईतल्या कोणालाही विचारा, चर्चगेटला कामाच्या वेळेत हलायचं नाही म्हटलं तर किती अवघड आहे. त्या वाचकांनी आपली जागा स्वतःच अडवून धरली आणि कॅमेऱ्यानं ती मान्य केली.

आता अडचणी. वारीत, जत्रेत आणि एकूणच महाराष्ट्रात गर्दीच्या फोटोचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे फ्लेक्स. माणसाची नजर चित्रातल्या चेहऱ्याकडे आधी जाते, आणि अनेक असतील तर मोठ्याकडे. तुम्ही चिखलात उभं राहून सत्तरीच्या आजींच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपता, आणि तिच्या डोक्याच्या वर, तिच्या दसपट मोठा, हात जोडून स्वागत करणारा एक सुहास्य चेहरा असतो. फोटो त्याचा होतो. पताकेआड त्याला लपवणं, किंवा खाली बसून आजींनाच त्याच्यासमोर आणून त्याला झाकणं, एवढेच इलाज आहेत. कधीकधी मी त्याला मुद्दाम घेतेही. तोही वारीत आलेलाच आहे.

दुसरी अडचण खिशात असते. फोनमधला पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी आकडेमोडीनं पुसट करून टाकतो, आणि लोकांना ते 'प्रोफेशनल' वाटतं. भाचीच्या लग्नातले असे फोटो माझ्याकडे आहेत. नवरी सुरेख आहे, पण मागे अक्षता घेऊन उभी असलेली आत्या आहे की मांडवाचा पडदा, हे आता सांगता येत नाही. अशा फोटोत नवरी पुण्यात असते, नागपुरात असते किंवा कुठंच नसते.

एका दिंडीतल्या विणेकरी बाबांना मी नंतर प्रिंट नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी ती उजेडात धरली आणि डावीकडून एकेकावर बोट ठेवत निघाले. हा अमक्याचा थोरला, हा पुण्याला रिक्षा चालवतो, ह्याचं औंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तरी आला. मी म्हटलं, बाबा, मला गर्दीचा फोटो हवा होता, हा बरा जमलाय. त्यांनी वर पाहिलं. "गर्दी कुठंय ह्यात? आमचीच मान्सं हैत सगळी." मग बोट उजव्या कडेला गेलं. तिथं चौकट एका बाईला कापत होती. फक्त एक हात आणि त्यानं धरलेल्या तुळशीची कुंडी आत आली होती. बाबांनी ती बांगड्यांवरून ओळखली.

कडांच्या बाबतीत पुस्तकं बजावून सांगतात की माणूस मनगटात, कोपरात, गुडघ्यात कापू नका. एकट्या माणसाच्या फोटोत मी ते पाळते. पण गर्दीच्या फोटोत चारही कडा धुतल्यासारख्या स्वच्छ ठेवल्या की सगळे जण चौकटीत मावतील एवढेच आले होते असं वाटायला लागतं, ग्रुप फोटो होतो. कडेला एखादा अर्धा खांदा, सुटा हात, आत येऊ घातलेलं पाऊल असलं तर दिंडी डावीकडेही आहे आणि उजवीकडेही आहे हे सांगावं लागत नाही. आत मात्र शिस्त हवी. मधल्या माणसांना त्यांची पानं नीट वाढलेली असली, तरच कडेची कापाकापी खपते.

राहता राहिलं आकाराचं. असा फोटो फोनच्या पडद्यावर मरतो. तिथं एका चेहऱ्याच्या वाट्याला मुगाएवढी जागा येते, बघणारा अंगठ्यानं वर ढकलतो आणि पुढं जातो. एकच पक्षी, एकच होडी, एकच सूर्य असलेले फोटो फोनवर छान दिसतात, आणि सगळे जण आता तसेच काढायला लागलेत, यात मला कार्यकारणभाव दिसतो. मी गर्दीचे फोटो १२ बाय १८ इंचांत छापून घेते, मॅट कागदावर, म्हणजे खिडकीचा उजेड चमकत नाही आणि जवळ जाऊन एकेक माणूस बघता येतो. भिंतीवर लावायचा तो बैठकीच्या उंचीला, कारण अशा फोटोपुढं माणसं थांबतात आणि थांबलेल्याला बसायला लागतं.

बाबांना दिलेला तोच फोटो क्लबात पडद्यावर अर्धा मिनिटही नव्हता. 'मेहनत दिसते,' परीक्षक म्हणाले, 'पण गजबज झालीय. डोळा कुठं ठरत नाही.' ते भले गृहस्थ आहेत, त्यांच्या पक्ष्यांच्या फोटोंना मी मनापासून दाद देते. पहिल्या लेण्यातली ती अख्खी भिंत स्पर्धेला आली असती, तर त्यांनी तिलाही हेच सांगून डावीकडून जरा क्रॉप करायला लावलं असतं. पुढच्या महिन्याच्या स्पर्धेचा विषय वारी आहे. मी दिवे घाटाचा पाठवतेय.